आधी आपला वॉर्ड

राणी दुर्गावतीचा राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि तिचे मंत्री आधारसिंह कायस्थ यांचा अधारताल. जबलपूरची माणसे तळ्यांची ही तीन नावे एका दमात सांगतात. सोळाव्या शतकात तळ्यांची काळजी राणी आणि मंत्री वाहत. आज अधारतालभोवती दाट वस्ती आहे. तिथले पाणी, नाली, कचरा, पथदिवे ही नगर निगमाची जबाबदारी आहे, आणि निगम निवडण्याची आपली.

तरुणांना मला एवढेच सांगायचे आहे, की लोकशाहीची सुरुवात दिल्लीपासून नव्हे, आपल्या वॉर्डापासून करा. जबलपूर निगमात ७९ वॉर्ड आहेत. महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात, ते इथे पार्षद. शिवाय महापौरही इथे लोक थेट निवडतात. मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची असल्याने पुढची २०२७ मध्ये अपेक्षित आहे. २०२२ मध्ये जे अठरा वर्षांचे नव्हते, त्यांचे निगमासाठीचे पहिले मत अजून द्यायचेच आहे. निवडणुकीआधी राज्य निवडणूक आयोग मतदारयादी जाहीर करतो. तीत आपले नाव आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे.

मत अठराव्या वर्षी मिळते, पार्षदपदाची उमेदवारी एकविसाव्या वर्षी. मधली तीन वर्षे मला उमेदवारीचीच वाटतात, शिकाऊ उमेदवारीची. त्या काळात वॉर्डाचा क्रमांक आणि हद्द माहीत करून घ्यावी. तुंबलेल्या नालीची तक्रार १८१ या हेल्पलाइनवर नोंदवून तिचा क्रमांक जपावा आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. निगमाच्या अर्थसंकल्पातून आपल्या गल्लीला काय आले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. असा एक अर्ज लिहिला, की कोणते काम कोणत्या खात्याचे, हे जन्मभर लक्षात राहते.

तरुणांनी सार्वजनिक कामात उतरणे या शहराला नवे नाही. १९२३ च्या मार्चमध्ये इथल्या टाउन हॉलवर, म्हणजे आजच्या गांधी भवनावर, राष्ट्रध्वज फडकवण्यावरून सरकारशी झगडा पेटला. स्वातंत्र्यसैनिक पंडित सुंदरलालांसोबत त्यात कवयित्री सुभद्राकुमारी चौहान उतरल्या. त्यांचे वय होते अवघे अठरा. मेमध्ये तेच आंदोलन नागपुरात पोहोचले आणि झेंडा सत्याग्रह म्हणून देशभर गाजले. नागपुरात सुभद्राकुमारींनी तुरुंगवासही पत्करला. ठिणगी पडली होती ती नगरपालिकेच्या छपरावर.

त्या वयाला तेव्हा मताचा अधिकार नव्हता. आज तो आहे. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे, आणि १९९३ पासून ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या स्वराज्याला संविधानाचा आधार दिला आहे. अधारतालच्या काठावर राहणाऱ्या मुलामुलींनी हा अधिकार वापरला, तर तळ्याला मंत्र्याची वाट पाहावी लागणार नाही.