सुई टोचून उपचार

सुई टोचली की दुखते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. पण दुखणे कमी व्हावे म्हणून सुया टोचून घेणारे लोकही आहेत! या उपचाराला ॲक्युपंक्चर म्हणतात. लॅटिन भाषेत ‘ॲकस’ म्हणजे सुई. सायकलची ट्यूब पंक्चर होते, तो ‘पंक्चर’ शब्दही टोचण्यावरूनच आला आहे.

हा उपचार मूळचा चीनमधला असून तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. यूनानी हकीम नब्ज पाहतात. नब्ज म्हणजे मराठीत नाडी. चिनी वैद्यही नाडी पाहत. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते आणि ती अडली की आजार होतो, असे ते मानत. या मार्गांवर ३६१ बिंदू सांगितले आहेत. आजार पाहून त्यांपैकी काही बिंदूंवर बारीक सुया टोचतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटे तशाच ठेवतात. ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. तिच्यातून औषध दिले जात नाही.

हा उपचार भारतात कसा आला? १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली ते तिथेच मरण पावले. उर्दू लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. कोटणीसांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात हा उपचार सुरू केला. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला. २०१९ साली केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली.

मग गुण खरेच येतो का? ‘ची’ शक्ती असल्याचा पुरावा विज्ञानाला मिळालेला नाही. पण सुई टोचल्यावर नसांमधून मेंदूला संदेश जातो आणि शरीर स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्ये तयार करते, असे आढळले आहे. जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत काही रुग्णांना आराम पडतो. मात्र खोट्या जागी सुया टोचल्या तरी बऱ्याच जणांना बरे वाटते, असेही प्रयोगांत दिसले. म्हणजे आरामात विश्वासाचाही वाटा असतो.

आपल्या यावल भागात केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्यांची कंबर दुखते. असा कोणी सुयांचा उपचार घ्यायचे म्हणाला, तर त्याला तीन गोष्टी जरूर सांगा. आधी डॉक्टरांकडून दुखण्याचे कारण समजून घ्यावे. उपचार करणारा शिकलेला व नोंदणी झालेला असावा. सुई नवी, आपल्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर कावीळ किंवा एड्ससारखा रोग पसरू शकतो. क्षयरोग किंवा मधुमेहाची औषधे तर सुयांच्या भरवशावर कधीच बंद करू नयेत.

नवा उपचार ऐकला की लगेच हसू नये आणि लगेच भुलूही नये. विचारावे, समजून घ्यावे आणि मगच ठरवावे.

स्वाध्याय
१. ॲक्युपंक्चरची सुई आणि इंजेक्शनची सुई यांत काय फरक आहे?
२. सुई नवीच का असावी?
३. ‘नब्ज’ला मराठीत नाडी म्हणतात. हकीम, मरीज, दवा यांना मराठीत काय म्हणतात ते लिहा.