दूध, डाळ आणि हळवे आतडे

अहवालातील जमाखर्चाच्या तक्त्यांबरोबर रुग्णांच्या आप्तेष्टांना उपयोगी पडेल असा एखादा आरोग्यविषयक लेख द्यावा, ही आपल्या ट्रस्टची प्रथा आहे. यंदा विषयासाठी आम्हांला फार शोध घ्यावा लागला नाही. बाह्यरुग्ण विभागातून आहारतज्ज्ञांकडे येणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकू येते : "दूध बंद केले, डाळ बंद केली, कडधान्ये तर केव्हाच सोडली, तरी पोट काही ठीक नाही." असे सांगणारी व्यक्ती बहुधा मऊ भात, साबुदाणा आणि बिस्किटे यांवर दिवस काढीत असते. वजन उतरू लागलेले असते. ते पथ्यामुळे उतरले की दुसऱ्या एखाद्या आजारामुळे, हे ठरविण्यासाठी डॉक्टरांना पुन्हा तपासण्या कराव्या लागतात आणि त्यांचा भार कुटुंबावर, कधी आपल्या रुग्णसाहाय्य निधीवर पडतो.

या विकाराला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, संक्षेपाने आयबीएस, म्हणतात. पोटात वारंवार कळ येणे, तिचा शौचाशी संबंध असणे, शौचाची वेळ किंवा स्वरूप बदलणे ही त्याची लक्षणे होत. दुर्बिणीतून पाहिले तर आतडे निरोगी दिसते. म्हणून घरच्यांना वाटते की हा सारा मनाचा खेळ आहे. तसे नाही. या रुग्णांचे आतडे अधिक हळवे असते. इतरांना जो वायू जाणवतही नाही, तोच त्यांना वेदना देतो. मेंदू आणि आतडे यांच्यातील संदेशवहन बिघडलेले असते, त्यामुळे चिंतेने त्रास वाढतो हेही खरे.

आता आहाराकडे वळू. दूध आणि डाळ या दोहोंत त्रास देणारा घटक बहुधा प्रथिन नसतो. त्रास देते ती त्यांतील साखर. दुधातील लॅक्टोज पचविणारे विकर आपल्याकडील पुष्कळ प्रौढांत कमी असते. डाळी-कडधान्यांतील रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा पचविणारे विकर तर कोणत्याच माणसाच्या आतड्यात नसते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तेथील जिवाणू ती आंबवितात आणि वायू होतो. अशा शर्करांना फॉडमॅप हे नाव ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पीटर गिब्सन व सू शेफर्ड यांनी २००५ साली दिले. कांदा, लसूण आणि गहू यांतील फ्रुक्टन हीदेखील त्याच कुळातील.

आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने ही गोष्ट आम्हांला खतावणीच्या भाषेत चटकन समजली. आतडे एखादी नोंद पाहून बिघडत नाही, ते बेरीज पाहते. वाटीभर साधे वरण चालते. पण त्याच ताटात कांद्याची भाजी, तीन पोळ्या आणि वर खीर आली की मर्यादा ओलांडली जाते, आणि दोष मात्र वरणाच्या नावे लिहिला जातो.

दुधाचेच पाहा. १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असते. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण पेलाभर दूध, जेवणाबरोबर घेतल्यास सोसते. आयबीएसच्या रुग्णाची मर्यादा याहून कमी असू शकते, पण ती क्वचितच शून्य असते. "आम्ही दुधाला शिवत नाही" म्हणणारे कित्येक जण दिवसातून पाच कप चहा घेतात! दह्यात विरजणामुळे काही लॅक्टोज आधीच संपलेले असते आणि उरलेले पचविण्यास दह्यातील जिवाणू मदत करतात. ताक म्हणजे पाणी घातलेले दही, तेव्हा ते आणखी सौम्य. मात्र त्यात प्रथिनेही तितकीच कमी, हे विसरू नये. पनीर करताना आणि चक्का बांधताना पुष्कळसे लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जाते व प्रथिने मागे राहतात. उलट खवा, पेढे, बासुंदी यांत दूध आटल्याने ते एकवटते, आणि साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत तर जवळपास निम्मे लॅक्टोजच असते. आजाऱ्याला भेटायला येताना प्रेमाने आणलेल्या प्रोटीन पावडरीच्या डब्यात अनेकदा हीच भुकटी असते. लॅक्टोजविरहित दूध आता बाजारात मिळते. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य वापरावे. दूध खरोखरच सोडावे लागले तर कॅल्शियमसाठी नाचणीची आठवण ठेवावी.

डाळीच्या बाबतीत आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील शिस्त शास्त्राला धरून होती. कडधान्य रात्रभर भिजवावे, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावे. मोड आणल्याने या शर्करा आणखी घटतात. सुरुवात मुगाच्या डाळीच्या अर्ध्या वाटीने करावी. राजमा, छोले, चवळी यांची वेळ नंतरची. फोडणीत लसूण हवाच असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात, कारण फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही.

अंडी, मासे आणि कोंबडी यांत या शर्करा नसतातच. ज्यांच्या घरी चालते त्यांनी ती घ्यावीत; तळण आणि कांदा-खोबऱ्याचे झणझणीत वाटण मात्र टाळावे. बदनाम होतो मासा, त्रास देतो रस्सा.

शाकाहारी कुटुंबाचा प्रश्न अधिक बिकट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. डाळ आणि दूध दोन्ही काढली की भात-भाकरीवरच भिस्त उरते, आणि धान्यातील प्रथिनांत लायसीन कमी असते. ती उणीव भरून काढणारी डाळच आपण ताटाबाहेर ठेवलेली असते. घट्ट टोफू आणि मूठभर शेंगदाणे यांचा येथे चांगला उपयोग होतो.

काही पदार्थ पूर्ण बंद करून पाहावयाचे असतील तर ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि दोन ते सहा आठवडेच. त्यानंतर एकेक पदार्थ थोड्या प्रमाणात परत आणावा, तीन दिवस पाहावे, मगच दुसरा घ्यावा. हा परतीचा भाग बहुतेक जण करीतच नाहीत, आणि आमच्या मते सारे नुकसान तेथेच होते.

शौचावाटे रक्त पडणे, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब, कारणाशिवाय वजन घटणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग करीत न बसता थेट डॉक्टरांना भेटावे.

इतरांनी काय खाल्ले, किती खाल्ले आणि केव्हा दुखले याची दोन आठवड्यांची रोजकीर्द एका साध्या वहीत ठेवावी. आहार विभागात येताना ती वही आणि घरी आलेला पावडरीचा डबा, दोन्ही बरोबर आणावे.