चिखलातले शेजारी

कर्वेनगरच्या बाजूने मुठेच्या काठावर उतरून वरवर तपकिरी दिसणारा चिखल काडीने उकरला, तर बोटाच्या पेराइतक्या खोलीच्या आतच तो काळा लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. एवढ्याशा अंतरात असे काय बदलते?

बदलतो तो ऑक्सिजन. हवेत तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट कमी वेगाने पाण्यात पसरतो. वरच्या थरातले जीवाणू तो येईल तसा वापरून टाकतात. त्यामुळे काही मिलिमीटर खाली तो पोचतच नाही. मग तिथले जीवाणू सल्फेटवर भागवतात आणि हायड्रोजन सल्फाइड बाहेर टाकतात. वास त्याचाच. त्याची लोहाशी गाठ पडली की काळे आयर्न सल्फाइड बनते. सल्फेटही संपले की मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. (हे खरे तर जीवाणू नव्हेत, आर्किया या वेगळ्या कुळातले. वर्गात आपण सर्वांना एकाच टोपलीत घालतो.)

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला हाच व्यवहार अधिक कठीण परिस्थितीत चालतो. तिथल्या विवरातले पाणी खारट, सामू १० च्या आसपास. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तिथल्या गाळातून अल्कधर्मी पाण्यात वाढणारा मेथॅनोसार्सिना वेगळा केला. ते काम २००२ साली प्रसिद्ध झाले. मेथॅनोसार्सिनाच्या जातभाईंना मिथिल-अमाइनसारखी संयुगे चालतात. सल्फेटवाल्यांना त्यांत फारसा रस नसतो, म्हणून भांडण टळते. याच गाळात मिथेन खाणारे जीवाणूही सापडले आहेत. एकाचा उकिरडा तो दुसऱ्याचा डबा! जून २०२० मध्ये पाणी आटून क्षारता वाढली आणि तळे गुलाबी झाले. तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा, असे आघारकर संस्थेच्याच तपासणीत दिसले.

लोणारमध्ये गोडे पाणी वा सांडपाणी वाढत गेले, तर या रहिवाशांना दुसरीकडे जायला जागा नाही. मुठेत उलटा प्रकार होतो. मैलापाण्यातून जीवाणूंना इतके खाद्य मिळते की ते पाण्यातलाच ऑक्सिजन संपवतात. चिखलातली स्थिती वर पाण्यात येते आणि मासे गुदमरतात.

हे थर वर्गात दाखवता येतात. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांची ही युक्ती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. पारदर्शक बाटलीत नदीचा चिखल, कागदाचे कपटे आणि उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक कालवून घाला, वर नदीचेच पाणी ओता. झाकण सैल ठेवा. वायू कोंडू देऊ नका. हात साबणाने धुवायचे, हे आम्ही शिक्षकांनाही सांगतो! बाटली उजेडात ठेवली की काही आठवड्यांत हिरवे, जांभळे पट्टे दिसू लागतात. तशीच दुसरी बाटली कपाटात ठेवा. तिच्यात चिखल काळा होईल, पण हे पट्टे येणार नाहीत. का, ते मुलांना शोधू द्या.