डोंबिवलीच्या गच्चीवर द्राक्षवेल

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंबिवली स्थानकाबाहेर द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या, की आपल्याही गच्चीत एक वेल असावी, अशी इच्छा अनेकांच्या मनात डोकावते. रोपवाटिकेतून रोप येते, पिंपात लागतेही. पावसाळ्यात ते असे फोफावते, की शेंडे शेजाऱ्यांच्या जाळीवर चढतात. मात्र दोन वर्षे उलटली, तीन उलटली, तरी घडाचा पत्ता नसतो. मग ‘आपल्याकडच्या हवेत द्राक्षे येतच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो आणि वेल उपटली जाते. हवेचा दोष नाही असे नाही. पण बहुतेक वेळा वांझपणाचे खरे कारण वेगळेच असते. त्या वेलीवर वेळच्या वेळी कात्री चाललेली नसते.

वेलीची झोपमोड

युरोपात किंवा इराणमध्ये हिवाळ्यात द्राक्षवेलीची पाने गळतात, ती झोपी जाते आणि वसंतात नव्या फुटीबरोबर घड बाहेर पडतात. महाराष्ट्रात तशी थंडी नाही. येथे वेल बाराही महिने हिरवी राहते आणि तिला मोकळे सोडले, तर केवळ शेंड्याकडून वाढत जाते. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादेत वर्षातून दोनदा फळणाऱ्या द्राक्षांची नोंद केली आहे. ती याच न झोपणाऱ्या वेलीची खूण आहे. परंतु दोनपैकी एक बहार ऐन पावसात सापडतो. म्हणून महाराष्ट्रातील बागायतदारांनी दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत स्वीकारली. एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली ती फळछाटणी, अर्थात गोडी छाटणी.

यातली मेख अशी, की घड ऑक्टोबरनंतर दिसत असला, तरी तो घडतो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काडीवरील डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि तिला भरपूर ऊन लागते. त्या दिवसांत आभाळ भरलेले राहिले किंवा पानांची दाटी झाली, तर डोळ्यांत घडाऐवजी नुसती बाळी तयार होते. उन्हाळ्यात न छाटलेल्या वेलीकडून मार्चमध्ये द्राक्षांची अपेक्षा करणे म्हणूनच व्यर्थ ठरते.

डोंबिवलीचे गणित

निफाड आणि डोंबिवली यांच्यात रेल्वेने काही तासांचेच अंतर असले, तरी मध्ये सह्याद्री उभा आहे. निफाडच्या पट्ट्यात वर्षाला जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तो अडीच हजारांच्या घरात जातो. तिकडे हिवाळ्यात पारा एक आकडी होतो, इकडे रात्रीही दमटपणा सरत नाही. त्यामुळे नाशिकचे वेळापत्रक येथे थोडे बदलून घ्यावे लागते. खरड छाटणी मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकावी, म्हणजे घडनिर्मितीचे नाजूक दिवस मे महिन्याच्या लख्ख उन्हात पार पडतात. छाटणी मेपर्यंत लांबली, तर हेच दिवस जूनच्या ढगांखाली येतात आणि वर्ष वाया जाते.

वाण आणि जागा

बाजारात दिसणारी थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही बिनबियांची द्राक्षे कोरड्या हवेची. गच्चीवर ती रोगांना लवकर बळी पडतात. त्यांच्या तुलनेत जाड सालीचे, बियांचे ‘बंगळूर ब्लू’ दमट हवा बरेच सहन करते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कुळातील ‘कॅटॉबा’ आणि ‘ब्युटी सीडलेस’ यांच्या संकरातून ‘एआरआय-५१६’ हा बुरशीजन्य रोगांना प्रतिकारक वाण तयार केला आहे. ११० ते १२० दिवसांत तयार होणारा हा वाण मिळाल्यास अवश्य लावावा. ऑक्टोबरमध्ये बागायतदारांकडे छाटलेल्या काड्यांचे ढीग पडतात. त्यातली पेन्सिलीच्या जाडीची, चार डोळ्यांची पक्व काडी कुंडीत खोचली, तरी महिन्याभरात मुळे धरते.

वेलीला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवे. ६० ते १०० लिटरचे पिंप घेऊन तळाला भोके पाडावीत. माती, कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण भरावे. ओल्या मातीने भरलेल्या शंभर लिटरच्या पिंपाचे वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून ते तुळईजवळ, विटांवर ठेवावे आणि सोसायटीची लेखी परवानगी आधीच घ्यावी. खालच्या घरात गळती सुरू झाल्यावर द्राक्षे आंबटच लागतात!

वर्षाचा क्रम

पहिले वर्ष सांगाड्याचे. एकच खोड सरळ मांडवापर्यंत चढवावे, तेथे शेंडा खुडून दोन फांद्या दोन दिशांना तारेवर आडव्या बांधाव्यात. हे ओलांडे. एप्रिलमध्ये ओलांड्यावरील प्रत्येक काडी एक डोळा ठेवून खरडावी. फुटी आल्यावर दाटी विरळ करावी, ऊन प्रत्येक काडीपर्यंत पोहोचले पाहिजे. पावसाळ्यात काड्या हिरव्याच्या तपकिरी होतात, म्हणजे पक्व होतात.

पाऊस परतल्यावर ऑक्टोबरच्या मध्यास काड्यांवरची पाने हाताने काढावीत आणि जाड, तपकिरी काड्या सहा ते आठ डोळे ठेवून छाटाव्यात. डोळे फुटावेत म्हणून व्यावसायिक बागांत हायड्रोजन सायनामाइड वापरतात. ते विषारी असल्याने घरात आणूच नये. काडी हळुवार वाकवून आडवी बांधली, तरी शेंड्याखालचे डोळेही फुटू लागतात. एका काडीवर एकच घड ठेवावा. मणी भरू लागले, की घडाला कागदी किंवा मलमलीची पिशवी बांधावी, नाही तर बुलबुल आपल्या आधी चव घेतील.

केवडा आणि भुरी

पानाच्या वर पिवळसर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा. पानांवर, मण्यांवर राखेसारखा थर आला, तर ती भुरी. केवड्यावर पावसाळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी उपयोगी पडते. त्यासाठी एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना पुरतो. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे. स्वच्छ लोखंडी पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा. घड धरल्यानंतर ही फवारणी टाळावी. रोगट पाने तोडून दूर टाकणे आणि वेल हवेशीर ठेवणे, हे सर्वांत स्वस्त औषध होय.

एवढे करूनही गच्चीवरचा मणी बाजारातल्यासारखा लांब आणि काचेसारखा होणार नाही. त्या लांबीमागे जिबरेलिक ॲसिडची प्रक्रिया असते. आपल्या वाट्याला तिसऱ्या वर्षी दहा-बारा घड आले, तरी पुष्कळ. हातगाडीवरच्या द्राक्षांमागे किती कात्र्या, किती फवारण्या आणि एका अवकाळी पावसाची किती धास्ती असते, हे मात्र ते घड आपल्याला नेमके सांगून जातात. या एप्रिलमध्ये वेल उपटण्यापूर्वी एकदा कात्री हातात घेऊन पाहावी.