सांगाड्याला पट्टी जोडावी का?

अमेरिकेत १९८४ ते २००१ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या जीप चेरोकी एक्सजे या गाडीला स्वतंत्र चॅसी नसून, पातळ पत्र्याचे भाग स्पॉट वेल्डिंगने जोडून तिचा सांगाडा आणि बॉडी एकसंध केलेली आहे; त्यामुळे मोठे टायर बसवून ती खडकाळ वाटेवर नेली, की स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथला पत्रा पुन्हापुन्हा वाकून थकतो आणि बोल्टच्या भोकाजवळ केसासारखी चीर निघते. जाड पट्टी वेल्ड करण्याचा उपाय चटकन सुचतो, पण तो अर्धाच आहे. ताठरपणा जिथे अचानक बदलतो तिथे ताण, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचे अंतर्गत बल, एकवटतो. म्हणून आडव्या वेल्डपाशी एकदम संपणारी पट्टी चिरेची जागा केवळ पुढे सरकवते, तर टोकांना निमुळती केलेली पट्टी भार हळूहळू सोपवते. नुसत्या कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीवर पट्टीचे वजन लादण्याचे कारण दिसत नाही. तरीही इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीचे स्टिअरिंग दुसऱ्याकडून दोन्ही बाजूंना फिरवून घेताना बॉक्सजवळचा पत्रा लवतो का हे पाहावे, आणि चीर आढळलीच तर तिच्या टोकाशी बारीक भोक पाडून तिची वाढ अडवावी व मगच वेल्डिंगला हात घालावा.