युती, आघाडी आणि वसंतदादा

राजकारणातले शब्द फार बोलके असतात. 'युती' हा शब्द आपण पंचांगातून घेतला. दोन ग्रह एका राशीत येतात, काही काळ शेजारी दिसतात आणि आपापल्या मार्गाने निघून जातात. 'आघाडी' हा शब्द रणांगणावरचा. 'खंजीर' फारसीतून आला आणि मराठीत असा रुजला की, महाराष्ट्राच्या राजकारणावर बोलताना तो टाळताच येत नाही. या तिन्ही शब्दांचा अर्थ एकाच माणसाच्या कारकिर्दीतून उलगडायचा, तर वसंतदादा पाटील यांच्याकडे पाहावे लागते.

वसंतदादांचा जन्म 1917 सालचा. सांगलीजवळचे पद्माळे हे त्यांचे गाव. शाळेतले शिक्षण बेताचेच झाले. 1943च्या जुलैमध्ये सांगलीचा तुरुंग फोडून ते बाहेर पडले, तेव्हा पोलिसांची गोळी त्यांच्या खांद्याला लागली. स्वातंत्र्यानंतर त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. पुढचे सारे राजकारण समजून घ्यायचे तर हा कारखाना ध्यानात ठेवला पाहिजे. कारखाना म्हणजे ऊस, उसाचा भाव, वेळेवर होणारी तोड, कर्ज, बँक, शाळा आणि या साऱ्यांतून जोडली गेलेली हजारो कुटुंबे. पक्षाचे नाव बदलले, चिन्ह बदलले, तरी ही माणसे दादांचीच राहिली.

1976 साली शंकरराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळातून दूर व्हावे लागल्यावर दादांनी राजकीय संन्यास जाहीर केला. पण आणीबाणीनंतरच्या 1977च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी काँग्रेसला 20च मिळाल्या. शंकररावांना पायउतार व्हावे लागले आणि त्या मे महिन्यात दादा मुख्यमंत्री झाले.

आता 1978 सालाकडे वळू. हे साल नीट समजले, तर नंतरच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. जानेवारीत काँग्रेस फुटली. एक इंदिरा काँग्रेस, दुसरी ब्रह्मानंद रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालची. यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा रेड्डी काँग्रेसमध्ये राहिले. फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. एकूण जागा 288, बहुमताला हव्यात 145. जनता पक्षाला 99, रेड्डी काँग्रेसला 69 आणि इंदिरा काँग्रेसला 62 जागा मिळाल्या. म्हणजे सर्वांत मोठा पक्षसुद्धा बहुमतापासून 46 जागा दूर. तेव्हा प्रचारात एकमेकांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या. त्यांची बेरीज 131. उरलेली तूट इतरांच्या पाठिंब्याने भरून काढली. दादा मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. महाराष्ट्रातले हे पहिले उपमुख्यमंत्रिपद.

बेरीज जुळली, पण मने जुळली नाहीत. तिरपुडे सरकारात राहून सहकारी पक्षाच्या नेत्यांवर, अगदी यशवंतरावांवरही, उघड टीका करीत. रेड्डी काँग्रेसमधली अस्वस्थता वाढत गेली. जुलैमध्ये शरद पवार, सुशीलकुमार शिंदे आदी मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. त्यांच्यासोबत सुमारे 40 आमदार असल्याचे सांगितले जाते. सरकार कोसळले. 18 जुलै 1978 रोजी पवार मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशीही गाठली नव्हती. जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींना सोबत घेऊन पुरोगामी लोकशाही दल, म्हणजे 'पुलोद'चे सरकार आले. त्यात समाजवादी होते आणि पूर्वाश्रमीचे जनसंघाचेही होते.

पाठीत खंजीर खुपसल्याची भाषा महाराष्ट्राच्या राजकारणाला चिकटली ती या प्रसंगापासून. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जे सरकार रोज आतूनच पोखरले जात होते, ते पडणारच होते, असे बाहेर पडलेल्यांचे म्हणणे. कोणाचे खरे, यावर आजही वाद घालता येतो. मात्र एक गोष्ट वादापलीकडची आहे. ज्या मतदाराने फेब्रुवारीत मत दिले, त्याला मार्चमध्ये किंवा जुलैमध्ये कोणीही काही विचारले नाही.

त्या काळी पक्षांतराला बंदी करणारा कायदाच नव्हता. तो 1985 साली 52व्या घटनादुरुस्तीने आला. त्यातही एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून त्यांची आमदारकी वाचत असे. 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीने ही सवलत गेली. उरली ती दोन तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट. 69चे दोन तृतीयांश म्हणजे 46. म्हणजे 1978चे बंड 1985च्या नियमात बसले असते, 2003च्या नियमात बसले नसते. पण कायदा कडक झाला म्हणून फूट थांबली का? 2022 आणि 2023 साली महाराष्ट्रात दोन पक्ष फुटले, तेव्हा भांडण 'आम्ही पक्ष सोडला की नाही' याचे उरले नाही, 'मूळ पक्ष कोणता' याचे झाले. वाट बंद केली की पाणी दुसरी वाट शोधते.

सरकार गेल्यावर दादा काय करतात, याकडे सर्वांचे लक्ष होते. ते इंदिरा काँग्रेसमध्ये गेले आणि 1980 साली सांगलीतून लोकसभेवर निवडून आले. दिल्लीत सत्ता बदलताच, फेब्रुवारी 1980मध्ये 'पुलोद' सरकार बरखास्त झाले. त्यानंतर अंतुले आले, बाबासाहेब भोसले आले आणि फेब्रुवारी 1983मध्ये पुन्हा वसंतदादा आले. विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली ती याच कारकिर्दीत. स्वतः फारसे न शिकलेल्या माणसाने गावोगावच्या मुलांना इंजिनीअर होण्याची वाट मोकळी केली. त्याच वाटेवर पुढे देणग्यांचा बाजार भरला, हेही खरे. मे 1984मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई दंगलीत होरपळली, तेव्हाही मुख्यमंत्री तेच होते. कारकिर्दीचा हिशेब मांडताना ते पान गाळता येणार नाही.

मार्च 1985मध्ये दादांनी चौथ्यांदा शपथ घेतली. पण प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची नेमणूक दिल्लीने परस्पर केली, तेव्हा त्यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. पुढे ते राजस्थानचे राज्यपाल झाले. 1987मध्ये ते पद सोडून ते परत आले. 1 मार्च 1989 रोजी त्यांचे निधन झाले.

चार शपथा, आणि पाच वर्षांची सलग कारकीर्द एकही नाही. पहिल्यांदा मित्रपक्षाशी बिनसले आणि स्वतःची माणसे गेली, शेवटी दिल्लीशी पटले नाही. प्रादेशिक नेत्याला या तीन बाजू एकाच वेळी सांभाळाव्या लागतात: सोबतचा पक्ष, आपला पक्ष आणि वरचे श्रेष्ठी. यातली एक जरी सुटली तरी खुर्ची जाते. मात्र खुर्ची गेल्यावर परत उभे राहायला पायाखाली जमीन लागते. दादांना ती सांगलीच्या उसाच्या फडात मिळाली.

म्हणून पुढाऱ्याने किती वेळा झेंडा बदलला, एवढेच मोजून भागत नाही. झेंडा बदलताना त्याने कोणाला विचारले आणि पद गेल्यावर तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला, हे आपण मतदारांनी पाहावे. युती ग्रहांची असो वा पक्षांची, ती सुटते. तिची फळे मात्र खाली राहणाऱ्यांना भोगावी लागतात.