गुंडाळून परत जाणारा तेलाचा पडाव

मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या डेपोंमधून पेट्रोल-डिझेलचे टँकर भरून निघतात आणि रिकामे परत येतात. कांद्याचा ट्रक परतीच्या वाटेवर सिमेंट, खत, काहीतरी भाडे शोधतो. टँकरला ती मुभा नाही. ज्या टाकीत डिझेल होते, तिच्यात दूध भरता येत नाही आणि धान्यही नाही. म्हणजे निम्मी धाव नुसते पत्र्याचे पिंप परत आणण्यात जाते. समुद्रावर याहून अवघड. तेल उतरवलेले जहाज हलके होऊन डोलू लागते, म्हणून त्याच्या पोटात समुद्राचे पाणी भरायचे आणि ते ओझे हजारो किलोमीटर वाहून परत न्यायचे. तेल पोचवण्याच्या शास्त्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मोकळे भांडे परत कसे आणायचे, हा प्रश्न मात्र मला त्याहून रोचक वाटतो, कारण त्याला भिडणाऱ्यांनी फार देखणे अभियांत्रिकी काम केले आहे. त्यातले सर्वांत धाडसी काम म्हणजे ड्रॅकोन: रबर चढवलेल्या कापडाची लांबलचक पिशवी, जी तेल भरून समुद्रातून ओढत न्यायची आणि रिकामी झाली की गुंडाळून परत आणायची.

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सोपे उत्तर होते, भांडे परत आणूच नये. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे रॉकेल आशियात यायचे ते चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून. दोन डबे एका लाकडी खोक्यात. डबा गिऱ्हाइकाच्या घरी राहायचा आणि त्याला दुसरा जन्म मिळायचा. आपल्याकडे रॉकेलच्या डब्याला वर आडवी दांडी ठोकून त्याने पाणी भरले जाई, त्यात धान्य ठेवले जाई, तुळस लावली जाई, आणि तळ गेला की पत्रा उलगडून छपरावर चढे. 1892 साली मार्कस सॅम्युअल यांचे ‘म्युरेक्स’ हे जहाज बातुमचे रशियन रॉकेल थेट टाक्यांत भरून सुएझ कालव्यातून पूर्वेकडे आले. मोकळे तेल नेणे स्वस्त, गिऱ्हाईक आपापले भांडे घेऊन येईल, असा हिशेब होता. गिऱ्हाइकाला मात्र डबाही हवा होता. शेवटी सॅम्युअल यांना पत्रा पूर्वेकडे धाडून इथेच डबे बनवून घ्यावे लागले. स्टँडर्डचे डबे निळे होते, यांनी आपले लाल रंगवले. पुढे हेच ‘शेल’ झाले.

डबा टाकून द्यायची पद्धत घरात चालून गेली, युद्धात महागात पडली. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचे पेट्रोल चार गॅलनच्या पातळ डब्यांतून जाई. सैनिक त्यांना ‘फ्लिम्झी’ म्हणत. खडबडीत वाटेवर त्यांचे सांधे सुटत आणि पेट्रोल ट्रकच्या तळाशी वाहून जाई. समोर जर्मनांकडे 20 लिटरचा कॅन होता. दोन दाबून घडवलेले अर्धे भाग एकत्र जोडलेले, स्क्रूऐवजी खटक्याचे झाकण, आणि वर तीन मुठी, म्हणजे एका हातात दोन रिकामे कॅन धरता येतात आणि भरलेला कॅन दोघांना मिळून उचलता येतो. ब्रिटिश सैनिक हाती लागलेले जर्मन कॅन जपून वापरत. पुढे दोस्तांनी त्याची नक्कलच केली आणि तो ‘जेरीकॅन’ म्हणून जगभर गेला. पुन्हा पुन्हा वापरायच्या भांड्याचा हा नमुना आजही मोडीत निघालेला नाही. उणीव एकच. रिकामा जेरीकॅन भरलेल्याइतकीच जागा अडवतो.

रिकामे झाल्यावर जागा सोडणारे भांडे आपल्याकडे होतेच. भिस्त्याची पखाल पाणी ओतून झाले की चपटी होऊन खांद्यावर पडायची. ती विहिरीवर परत नेताना ओझे उरायचे ते फक्त कातड्याचे. तीच गोष्ट हजारो टन तेलासाठी करता येईल का, असा विचार 1956 साली केंब्रिजमध्ये झाला.

त्या वर्षी 26 जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. वर्ष सरता सरता युद्ध पेटले आणि कालव्यात जहाजे बुडवून तो बंद करण्यात आला. आखातातले तेल आफ्रिकेला वळसा घालून आणावे लागू लागले. फेरी लांबली की तेवढ्याच तेलाला जास्त जहाजे लागतात, आणि जहाजे एका रात्रीत बांधून होत नाहीत. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. विल्यम हॉथॉर्न तेव्हा केंब्रिजमध्ये उपयोजित उष्मागतिकीचे प्राध्यापक होते. युद्धकाळात त्यांनी फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनातल्या ज्वलनकक्षाचा अवघड प्रश्न हाताळला होता, म्हणजे इंधनाशी त्यांची जुनी ओळख होती.

हॉथॉर्न यांची मूळ कल्पना ऐकायला भाबडी वाटते, पण तिच्यात खोल तर्क आहे. तेल पाण्यापेक्षा हलके आहे. ते आपणहून तरंगते. मग त्याला तरंगत ठेवण्यासाठी पोलादाचे एवढे मोठे कवच कशाला? तेल आणि समुद्र एकमेकांत मिसळू नयेत एवढेच काम उरते आणि ते पातळ पडद्याने होऊ शकते. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1.025, डिझेलची 0.83च्या आसपास. डिझेलने भरलेल्या पिशवीचा जवळजवळ चार पंचमांश भाग पाण्याखाली राहतो आणि उरलेली पाठ वर दिसते. पाण्याखालच्या भागात आतून तेलाचा आणि बाहेरून समुद्राचा दाब एकमेकांना बरेचसे तोलून धरतात. कापडाला पेलावा लागतो तो फक्त दोन्हींतला फरक. इंजिन, खलाशी, सुकाणू सगळे ओढणाऱ्या टगबोटीवर. पडाव म्हणजे नुसती कातडी.

अडचणी यानंतर सुरू होतात. कापडावरचा ताण दाबातल्या फरकाला त्रिज्येने गुणल्यावर मिळतो, म्हणून पिशवी जाड केली की कापडही त्या प्रमाणात दणकट लागते. आकार वाढवायचा तर तो लांबीत वाढवणे सोयीचे, आणि लांब मऊ वस्तू लाटांवर आणखी एक गुण दाखवते. आतला द्रव पुढेमागे सरकून फुगवटे धावू लागतात. बाहेरच्या लाटेचा वेग आणि या फुगवट्याचा वेग जुळला तर फुगवटा वाढत जाऊन कापडावर भलताच ताण आणतो. (याच त्रासाचा पुढे उलटा उपयोग झाला. फ्रान्सिस फार्ली आणि रॉड रेनी यांनी पाण्याने भरलेल्या रबरी नळीतल्या फुगवट्यांपासून वीज काढायचे ‘अ‍ॅनाकोंडा’ नावाचे यंत्र सुचवले.)

सर्वांत मोठा प्रश्न निघाला वळवळीचा. ओढली जाणारी लांब पिशवी ठरावीक वेगापलीकडे डावीकडे-उजवीकडे सापासारखी सरपटू लागते. दोर ओढतो तो पुढच्या टोकाला, म्हणून ताण तिथे सर्वांत जास्त. मागे जाता जाता तो कमी होतो आणि शेपटीशी जवळपास संपतो. पिशवीला कुठे जरासा बाक आला की बाजूने वाहणारे पाणी तो बाक वाढवायला पाहते. पुढच्या भागात ताण तिला सरळ करतो, शेपटीकडे सरळ करणारे कोणी नसते. जहाज बांधणारा माणूस सवयीने मागचे टोक निमुळते करणार, म्हणजे पाण्याचा अवरोध कमी. इथे नेमकी तीच सवय घातक. शेपटी बोथट ठेवली किंवा तिच्यामागे पाणी अडवणारे काही लावले, की मागून ओढ बसते, सबंध पिशवी ताठ होते आणि वळवळ थांबते. किंमत टगबोटीला मोजावी लागते, कारण तो अवरोध ओढायला तिचे इंधन जास्त जळते. किती बोथट म्हणजे पुरेसे, हा सगळ्या रचनेतला कळीचा तोल आहे, आणि या यंत्रातला मला सर्वांत आवडणारा भागही हाच. हॉथॉर्न यांनी सुरुवातीच्या विकासाची हकीकत 1961 साली ब्रिटनच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. त्याच दशकात मायकेल पायदूसिस यांनी ओढल्या जाणाऱ्या लवचीक दंडगोलाचे गणित पक्के केले. निमुळते नाक, बोथट शेपूट आणि आखूड दोर हा त्या गणिताचा कौल. त्यासाठी त्यांनी जी. आय. टेलर यांच्या 1952च्या कामाचा आधार घेतला होता, आणि टेलर यांचा विषय होता लांब, सडपातळ प्राणी पोहतात कसे. सापाच्या पोहण्याचे गणित पिशवीचे सापपण मोडायला उपयोगी पडले.

कापडाकडे वळू. मधला थर विणलेल्या नायलॉनचा, सगळा जोर त्याच्यावर. साधे नैसर्गिक रबर पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडते, म्हणून आतला थर नायट्राइल रबराचा, जे तेलाला दाद देत नाही. बाहेर ऊन आणि खारे पाणी सोसणारे निओप्रीन. भिंतीपेक्षा सांधे नाजूक आणि सांध्यांपेक्षा घड्या. एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा दुमडलेले कापड तिथेच तडकते. म्हणून मोठी पिशवी चादरीसारखी घडी घालण्यापेक्षा रिळावर गुंडाळणे बरे. शिवाय नळातून वेगाने वाहणारे इंधन स्थिर विद्युतभार साठवते आणि रबर तो वाहून जाऊ देत नाही, तेव्हा भरताना-उतरवताना जमिनीशी विद्युतजोड चुकवून चालत नाही.

मिटणाऱ्या भांड्याचा एक फायदा मात्र पोलादी टाकीला कधीच मिळणार नाही. टाकीतून तेल काढले की त्याची जागा हवा घेते, आणि हवा अधिक पेट्रोलची वाफ म्हणजे स्फोटाची तयारी. तेलवाहू जहाज भरलेले असताना जितके धोक्याचे, त्याहून अर्धवट रिकामे असताना जास्त धोक्याचे असते, म्हणून त्याच्या टाक्यांत निष्क्रिय वायू सोडावा लागतो. पिशवी रिकामी होता होता मिटते. आत हवा शिरायला जागाच राहत नाही. उन्हात उडून जाणारे तेलही वाचते.

एवढे असूनही ड्रॅकोनने तेलवाहू जहाजांना हटवले नाही. कालवा 1957च्या वसंतात खुला झाला आणि जहाजबांधणीने दुसरीच वाट धरली. 1950चे दशक संपता संपता एक लाख टनांचे पहिले तेलवाहू जहाज पाण्यात उतरले, 1966 साली दोन लाखांच्या वरचे. इतके तेल एका फेरीत आले की टनामागे परतीचा खर्च नगण्य होतो. रिकामी खेप टाळण्याऐवजी ती परवडेल एवढी मोठी खेप नेणे, हे पोलादाचे उत्तर. टगबोटीमागे संथ जाणारी पिशवी महासागरात त्याच्याशी स्पर्धा करू शकत नव्हती. मला यात पिशवीचा पराभव दिसत नाही. जिथे मोठे जहाज पोचत नाही आणि धक्का बांधणे परवडत नाही, तिथे तिची जागा कायम राहिली.

तिने पाणीही वाहिले. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम हलके, म्हणून पाण्याची पिशवी जवळजवळ पूर्ण बुडालेली जाते. ग्रीसच्या कोरड्या बेटांना असे पाणी मिळाले, आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस एका नॉर्वेजियन कंपनीने तुर्कस्तानातून उत्तर सायप्रसला याहून कितीतरी मोठ्या पिशव्यांतून पाणी नेले. जमिनीवर हीच कल्पना अमेरिकी सैन्याने उचलली. 500 गॅलनची रबरी पिंपे व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरखाली लटकवून जंगलातल्या तळांवर उतरवली जात आणि रिकामी झाली की चपटी करून परत पाठवता येत.

बुडालेली, दिवा नसलेली लांबलचक वस्तू रात्री ओढून नेणे इतरांच्या जिवाशी खेळ आहे. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ड्रॅकोनचा उल्लेख नावानिशी आहे. अर्धवट बुडालेल्या, सहज न दिसणाऱ्या ओढीच्या वस्तूला पुढे आणि मागे पांढरा दिवा हवा. ड्रॅकोनला पुढच्या दिव्याची सूट आहे, मागचा मात्र लागतोच. मर्चंट नेव्हीत जाणारी आपली मुले हा नियम परीक्षेसाठी पाठ करतात. त्यांनी एकदा तरी त्यामागचे यंत्र पाहावे असे मला वाटते.

न्हावा शेवा बंदरात आज मिटणारी भांडी रोज दिसतात. वीस फुटी कंटेनरमध्ये अंथरलेली फ्लेक्सीटँक 24,000 लिटरपर्यंत खाद्यतेल किंवा वाइन नेते. पण ती एकदाच वापरायची असते आणि पेट्रोल-डिझेलसारख्या ज्वालाग्राही मालाला ती चालत नाही. हा रॉकेलच्या डब्याचाच नवा अवतार, तोही दुसऱ्या जन्माशिवाय. भारतात इंधनाच्या भांड्यांवर नागपूरच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची देखरेख असते. 23 अंश सेल्सियसच्या खाली ज्याची वाफ पेट घेते ते ‘अ’ वर्गात, म्हणजे पेट्रोल. त्याच्यासाठी कापडी भांडे मान्य करून घ्यायचे तर कापड, सांधे, झडपा आणि विद्युतजोड यांची कसोटी फार कडक असायला हवी. ती तशी असावी हेच योग्य.

आपल्या किनाऱ्यावर या पिशवीचा सर्वांत सरळ उपयोग तेलगळतीच्या वेळी आहे. ऑगस्ट 2010मध्ये मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ यांची टक्कर झाली आणि जळणाचे तेल रायगडच्या किनाऱ्यावर, खारफुटीत जाऊन बसले. अशा वेळी पाण्यावरचे तेल ओढून घेणारी यंत्रे थोड्याच वेळात भरतात, आणि काढलेले तेल ठेवायचे कुठे, इथे काम अडते. तेलवाहू बार्ज सगळ्याच छोट्या बंदरांत उभे नसते. गुंडाळलेला ड्रॅकोन ट्रकवर घालून घाट उतरवता येतो आणि जेटीवरून पाण्यात सोडता येतो. आज त्याचे मुख्य काम जगभर हेच आहे. दिघी, जयगडसारख्या ठिकाणी असे दोन-तीन तयार ठेवावेत, असे मी आग्रहाने म्हणेन. अवघड भाग राहतो नंतरचा. गळतीतून गोळा झालेला माल म्हणजे पाणी, वाळू आणि चिकट तेल यांचा घट्ट लगदा, आणि तो घड्यांमध्ये बसतो. तो वाफेने किंवा विद्रावकाने धुताना आतले नायट्राइल शाबूत राहिले, तरच तीच पिशवी पुढच्या वेळी वापरता येते. म्हणून खरेदी करताना पिशवीबरोबर ती धुण्याची जागा आणि ती धुऊ जाणणारी माणसेही हिशेबात धरावी लागतात.